गाऊट अथवा वातरक्त : त्याचें स्वरूप व प्रतिबंध

रात्रीं धडधाकट निजलेला मनुष्य पहांटे कण्हत उठतो. पायाच्या आंगठ्याच्या मुळाशीं अशी आग होते कीं, पांघरुणाचा स्पर्शही त्यास सोसवत नाहीं. सांधा तांबडा होतो व सुजतो. ह्या रोगास गाऊट म्हणतात. आयुर्वेदांतील वातरक्ताचें वर्णन त्याशीं पुष्कळ जुळतें. आठ-दहा दिवसांत सूज ओसरते, मनुष्य पुनः शेतावर जातो, आणि रोग गेला असें समजतो. ही मोठी चूक होय. वेदना गेली, तरी रोगाचें मूळ आंत राहतें.

१. कारण. शरीरांतील जुन्या पेशी मोडतात तेव्हां त्यांतील प्युरिन नामक द्रव्यापासून युरिक आम्ल होतें. कांहीं आम्ल अन्नापासूनही होतें. परंतु सुमारें दोन तृतीयांश शरीरांतच उत्पन्न होतें. मूत्रपिंडें तें पुरेसें बाहेर टाकीनाशीं झालीं, म्हणजे तें रक्तांत सांचतें. १०० मिलिलिटर रक्तांत सुमारें ६.८ मिलिग्रॅमहून अधिक झाल्यावर, मिठागरांत मीठ धरावें त्याप्रमाणें, त्याचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक सांध्यांत धरतात. इंग्लंडांतील वैद्य आल्फ्रेड गॅरड ह्यांनीं १८४८ सालीं अशा रोग्यांच्या रक्तांत हें आम्ल अधिक असतें असें दाखविलें.

२. दोष कोणाचा? हा केवळ मद्यप्यांचा व खादाडांचा रोग, अशी लोकसमजूत आहे. त्यामुळें ज्यानें दारूस कधीं स्पर्श केला नाहीं, तोही लाजेनें आपलें दुखणें लपवितो. मद्य रोग वाढवितें हें खरें; परंतु आनुवंशिकता, मूत्रपिंडांची दुर्बलता, लठ्ठपणा व लघवी वाढविणाऱ्या कांहीं गोळ्या हींही कारणें आहेत. स्त्रियांस हा रोग बहुधा विटाळ कायमचा बंद झाल्यावर होतो. म्हणून बंधुजनहो, रोग्याचा न्याय करूं नका. त्यास दवाखान्यांत न्या.

३. पथ्य. मद्य, विशेषतः बीयर, वर्ज्य करावें. कलेजी, गुरदा, तांबडें मांस व तारलीसारखे मासे कमी खावे. बाटलींतलीं गोड पेयें टाळावीं. डाळ सोडण्याचें मात्र कारण नाहीं. डाळी व पालेभाज्या ह्यांनीं हा रोग वाढत असल्याचें दिसून आलेलें नाहीं. साय काढलेलें दूध व ताक हितकर आहे. उन्हांत राबणाऱ्यानें वारंवार पाणी प्यावें. वजन हळूहळू उतरवावें; कडक उपासानें झटका येऊं शकतो.

४. औषध. झटका आला असतां सांध्यास विसांवा द्यावा, गार पाण्याची घडी ठेवावी व लवकर वैद्याकडे जावें. दुकानांतून वेदनाशामक गोळ्या आणून वारंवार घेतल्यानें मूत्रपिंडांस इजा होते, आणि मग आम्ल अधिकच सांचतें. झटके पुनःपुनः येत असल्यास केवळ पथ्य पुरत नाहीं. ॲलोप्युरिनॉलसारखें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें अल्प प्रमाणांत सुरू करून वाढवितात, व आम्ल ६ मिलिग्रॅमच्या खालीं ठेवितात. तें वेदना नसतांही रोज घ्यावें लागतें. आरंभीं एखादा झटका आला तरी तें आपल्या मनानें सोडूं नये. परंतु अंगावर पुरळ उठल्यास तत्काळ बंद करून डॉक्टरांस दाखवावें. सांध्याच्या सुजेबरोबर ताप असेल, तर सांध्यांत पू होण्याचें भय असतें. त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें.

उपचाराविना वर्षें गेलीं, तर कानाच्या पाळीवर व बोटांवर गांठी येतात आणि सांधे कायमचे झिजतात. रोज थोडें जपणें हें पुढें पंगु होण्यापेक्षां सोपें आहे.

मननार्थ प्रश्न :
१. वेदना थांबल्यावरही औषध कां घ्यावें?
२. डाळ सोडण्याची गरज कां नाहीं?
३. आपल्या गांवीं लाजेमुळें हें दुखणें लपविणारा कोणी आहे काय? त्यास आपण काय सांगाल?