जोतिबाच्या वाऱ्यात फ्लॅशची छत्री

लग्नानंतर नवरा-नवरीने जोतिबाच्या दर्शनाला जाण्याची रीत कोल्हापूर भागात जुनी आहे. अलीकडे दर्शनासोबत फोटोही आले. कोल्हापूरपासून सुमारे १८ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून अंदाजे ३,१०० फूट उंचीवर वाडी रत्नागिरीचा हा डोंगर आहे. मागे काळ्या दगडाचे मंदिर, पायऱ्या, समोर पन्हाळ्याचा मुलूख, अशी जागा स्टुडिओतल्या पडद्यावर कोण रंगवणार? म्हणून फोटोग्राफर आपला फ्लॅश, स्टँड आणि छत्री घेऊन वर जातात. त्यांत आपले काही तरुणही आहेत. कर्ज काढून त्यांनी हे सामान घेतलेले असते आणि लग्नसराईच्या चार महिन्यांत ते फेडायचे असते.

आम्ही फोटोग्राफर नाही, कापडवाले आहोत. तरीही हा विषय घेतला त्याला दोन कारणे आहेत. फ्लॅशची छत्री ही शेवटी कापडाची वस्तू आहे. आणि फोटोत बिघडलेला रंग फिरून आमच्याच दुकानात येतो. मोत्या रंगाची शेरवानी फोटोत गुलाबी दिसली की तो फोटो मोबाईलवर पाहून दुसऱ्या गावचे गिऱ्हाईक गुलाबी शेरवानी मागते. माल पोहोचल्यावर तो परत येतो, आणि जरीकाम करणाऱ्या कारागिराची मजुरी अडकते. तेव्हा या सामानाची निवड हा एकट्या फोटोग्राफरचा प्रश्न नाही.

छत्री लावतात ती कशासाठी, हे थोडक्यात सांगतो. फ्लॅशचे तोंड लहान, म्हणून त्याचा प्रकाश कडक. नाकाची सावली गालावर काळी पडते. तोच प्रकाश तीन फुटांच्या कापडावरून किंवा कापडातून आला की पसरतो, सावलीची कड मऊ होते. कृत्रिम प्रकाश कोल्हापूरला काही नवा नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रपटासाठी तो वापरला होता. नवी गोष्ट एवढीच की आता तो खांद्यावरच्या पिशवीत मावतो. पण स्टुडिओत छत्री निवडताना फक्त प्रकाश पाहिला तरी चालते. डोंगरावर आधी वारा पाहावा लागतो. उघडी छत्री म्हणजे गलबताचे शीड.

ढोबळ हिशेब असा. ४० इंची उघडी छत्री पोकळ बाजूने वाऱ्याकडे असेल, तर ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे पावणेदोन किलोचा रेटा येतो. वारा ३० झाला की चार किलो, ४० झाला की सात. वारा दुप्पट झाला म्हणजे रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पावणेदोन किलो ऐकायला कमी वाटतात, पण तो रेटा दोन मीटर उंचीवर असतो आणि स्टँडचे पाय मध्यापासून जेमतेम दीड फूट पसरलेले असतात. वारा दोन पायांच्या मधून ढकलत असेल तर स्टँड उभा राहायला जवळजवळ १५ किलो वजन लागते. तोच स्टँड थोडा फिरवून एक पाय वारा जिकडे जातो त्या दिशेला केला, तर आठ किलोत काम भागते. एक पैसा खर्च न करता निम्मे ओझे वाचते. तरी बहुतेक जण स्टँड कसाही उघडून ठेवतात.

हलका ॲल्युमिनियमचा स्टँड, फ्लॅश आणि छत्री मिळून अडीच किलोच्या आसपास भरतात. बाकीचे पाच-सहा किलो बाहेरून घालावे लागतात. मंदिराच्या आवारात दगडी फरशी आहे, तिथे खुंटी ठोकता येत नाही आणि ठोकूही नये. त्यासाठी जाड कॅनव्हासची दोन पोटांची पिशवी शिवून घ्यावी. मराठीत हिला पडशी म्हणतात. आमच्या उर्दू शाळेच्या पुस्तकांत खुर्जीन म्हणत. दोन्ही बाजूंना चेन, आत प्लॅस्टिकची वेगळी थैली, मध्ये दुहेरी शिलाईचा पट्टा. आपल्या कोणत्याही शिंप्याला हे तासाभराचे काम आहे. घरून वाळू भरून नेली तरी चालते, नाहीतर पिशवी रिकामी नेऊन पाच लिटर पाण्याचा कॅन टांगावा. पाणी पाच किलो वजनही देते आणि तहानही भागवते. वजन वाऱ्याच्या येण्याच्या बाजूला जे दोन पाय आहेत त्यांवर ठेवावे. मधोमध लोंबकळत ठेवले तर तेच वजन झोके घेऊन स्टँड हलवते.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या नाचवतात त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हा सगळा हिशेब डोळ्यांनी समजेल. तीस फुटांहून उंच काठी, तिला वर कापड बांधलेले, आणि तरी ती पडत नाही. एक माणूस ती तोलतो आणि आजूबाजूचे चारी दिशांनी दोर धरून असतात. दोर जेवढा वर बांधलेला तेवढी कमी ताकद लागते. स्टँडच्या वरच्या भागाला एक सुती दोरी बांधून ती मदतनिसाच्या हाती दिली, तर दहा किलोच्या वजनाचे काम एक हात करतो. मदतनीस नसेल तर वारा असलेल्या जागी छत्री उघडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोल्हापूरच्या एका तरुणाचा स्टँड याच डोंगरावर कोसळला. फ्लॅश फुटला, ते नुकसान त्याने सोसले. पण लोखंडी बोल्ट दर्शनाला आलेल्या एका म्हातारीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर आदळला. तो बोल्ट लागला असता तर?

आता छत्रीचा आकार. ४० ऐवजी ३३ इंची छत्री घेतली आणि उंची दोन मीटरऐवजी दीड मीटर ठेवली, तर पाडणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. दीड मीटर उंचीचा प्रकाश उभ्या माणसाला खालून आल्यासारखा वाटेल. म्हणून माणसाला पायरीवर किंवा कट्ट्यावर बसवावे. बसलेल्या जोडप्याचे फोटो तसेही चांगले येतात, शालू नीट पसरता येतो आणि काठ दिसतो. ६० इंची मोठ्या छत्र्या हॉलमधल्या कुटुंबाच्या फोटोसाठी ठीक आहेत. डोंगरावर त्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी नकोत.

छत्रीच्या दोन जाती आहेत. एक पांढरी, जिच्यातून प्रकाश आरपार जातो. तिची फुगीर बाजू माणसाकडे असते. दुसरी आतून चंदेरी किंवा पांढरी आणि बाहेरून काळी. तिच्यात फ्लॅश उलटा मारतात, प्रकाश परतून येतो. तिची पोकळ बाजू माणसाकडे असते. दुकानदार दोघींतला फरक प्रकाशाच्या भाषेत सांगतात. आरपार छत्रीचा प्रकाश मऊ, पण इकडेतिकडे सांडतो. परतणारीचा आटोपशीर आणि चंदेरी असेल तर कडक. हे खरेच आहे. पण वाऱ्याला फुगीर बाजू दिली तर रेटा पोकळ बाजूच्या मानाने बराच कमी होतो, ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. वारा माणसाच्या पाठीकडून दिव्याकडे येत असेल तर आरपार छत्री लावावी. वारा दिव्याच्या मागून माणसाकडे जात असेल तर परतणारी. म्हणून ज्याला एकच छत्री परवडते त्याने काळे आवरण काढता-घालता येणारी पांढरी छत्री घ्यावी, ती दोन्ही होते.

यात एक अडचण आहे. वारा पाठीकडून आला की नवरीचा पदर आणि केस तोंडावर येतात, म्हणून फोटोग्राफरला वारा समोरून हवा असतो. पण समोरून वारा म्हणजे स्टँड पडला तर माणसांवरच पडणार. पाठीकडून वारा असताना तो पडला तरी माणसांपासून दूर पडतो. पदराला चार टाचण्या लावाव्यात आणि वारा पाठीकडून घ्यावा. टाचण्या स्वस्त आहेत.

काड्या फायबरच्या घ्याव्यात. त्या वाकतात आणि छत्री उलटी होते. उलटी झालेली छत्री सुलट करता येते. पातळ लोखंडी काड्या एकदा वाकल्या की कापडाचा ताण गेला आणि प्रकाशही वाकडा. दांडी बहुतेक ८ मिलिमीटर जाडीची असते, पण सगळ्यांची नसते. म्हणून फ्लॅश धरणारा बिजागरीचा तुकडा आणि छत्री एकत्र लावून पाहूनच पैसे द्यावेत. त्या तुकड्याचा प्लॅस्टिकचा पेच लवकर घासतो. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही लेथवर पितळेचा किंवा पोलादी पेच करून मिळतो आणि तो जन्मभर जातो. स्टँडच्या नळीला धातूची कडी आहे की प्लॅस्टिकची, तेही पाहावे.

आता आमच्या धंद्याची गोष्ट, म्हणजे कापड. जोतिबाला गुलालाची उधळण असते. पायऱ्या, भिंती, फरशी सगळे गुलाबी. पांढऱ्या छत्रीला गुलाल लागला की तिच्यातून येणारा प्रकाशही गुलाबी होतो. छत्रीचे कापड नायलॉनचे असते किंवा पॉलिएस्टरचे. दोन्ही डोळ्यांना सारखेच. पण नायलॉन पाण्यात विरघळणारा रंग थंड पाण्यातही धरून ठेवते. पॉलिएस्टर असा रंग सहजी धरत नाही, ते रंगवायला वेगळे रंग आणि मोठी उष्णता लागते. म्हणून या डोंगरासाठी पॉलिएस्टर. ओळखायचे कसे? शिवणीतला आतला एक धागा ओढून काडीने जाळून पाहावा. दोन्ही वितळून गोळी होतात. पॉलिएस्टरचा धूर काळा आणि काजळीचा, नायलॉनचा पांढरट. कापडाच्या पेठेतला कोणताही जुना माणूस हे करून दाखवील.

दुसरी परीक्षा पांढरेपणाची. गिरणीत पांढऱ्या कापडाला झळाळी येण्यासाठी एक द्रव्य देतात. ते न दिसणारे जंबूपार किरण घेऊन निळसर उजेड सोडते. फ्लॅशमध्ये असे किरण थोडेफार असतात. त्यामुळे अशा छत्रीतून चेहऱ्यावर निळी छटा येते आणि सोनेरी जर फिकी दिसते. बहुतेक दुकानांत नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. छत्रीचे कापड त्याखाली धरावे. निळे चमकले तर झळाळी दिलेली आहे. मंद राहिले तर चांगले. खऱ्या नोटेचा कागद त्या दिव्याखाली चमकत नाही, तो याच कारणाने. आम्ही ही परीक्षा चादरी आणि अस्तराच्या मालासाठी करतो, छत्रीलाही ती लागू पडते.

छत्री स्वच्छ असली तरी गुलाबी फरशीवरून उडालेला प्रकाश हनुवटीखाली आणि पांढऱ्या कपड्यावर लाली आणतो. त्यावर उपाय आमच्याकडे आहे. तीन मीटर न धुतलेला, कोरा मांजरपाट फोटोच्या चौकटीबाहेर, माणसाच्या पायांपुढे अंथरावा. त्यावरून फिकट उबदार प्रकाश वर येतो आणि लाली दबते. मांजरपाटाची किंमत छत्रीच्या मानाने काहीच नाही.

भर दुपारी छत्री फारशी कामाची नसते, हेही सांगितले पाहिजे. उन्हात आयएसओ १०० आणि सेकंदाचा दोनशेवा भाग धरला तर एफ ११ लागतो. हातातला साधा मोठा फ्लॅश छत्रीत घातल्यावर पूर्ण ताकदीने, दीड मीटरवरून, जेमतेम तेवढाच प्रकाश देतो. म्हणजे उन्हाची बरोबरी होते, वरचढ नाही, आणि बॅटरी भराभर उतरते. सकाळी ऊन कोवळे असते आणि वाराही बहुधा कमी असतो. त्याच वेळी हे काम उरकावे. दुपारी भिंतीच्या सावलीत बसवून तोच फ्लॅश चौथ्या हिश्श्याच्या ताकदीवर चालतो.

रविवार हा जोतिबाचा वार, गर्दीचा दिवस. माघातल्या रविवारी खेट्यांची गर्दी असते, आणि चैत्र यात्रेत तर लाखो लोक येतात. त्या दिवशी स्टँड वर नेऊच नये. फ्लॅश हातात धरणारा एक माणूस पुरे. एरवीही आवारात सामान मांडण्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या माणसांना विचारावे, दर्शनाची वाट मोकळी ठेवावी, आणि जिथे मनाई असेल तिथे कॅमेरा पिशवीत राहू द्यावा. ती लोकांच्या श्रद्धेची जागा आहे, आपण तिथे रोजीसाठी गेलेले असतो.

खाली उतरल्यावर छत्री ओल्या फडक्याने पुसू नये, गुलाल ओला झाला की डाग बसतो. आधी उघडी धरून झटकावी, मग कोरड्या मऊ ब्रशने काड्यांपासून कडेकडे झाडावी. स्टँडच्या नळ्यांत गेलेली पूड कोरड्या सुती चिंधीने काढावी, तेल अजिबात लावू नये, तेलाला पूड चिकटते. छत्री उन्हात वाळत घालू नये, पांढरे नायलॉन उन्हाने पिवळे पडते. चंदेरी छत्री घडी घालून दाबून ठेवली की घडीवर चांदी उडते. म्हणून ती सैल गुंडाळून, उभी टांगून ठेवावी.