संगणकावरील खेळ मध्येच का बंद पडतो?

अभ्यास आटोपल्यावर संगणकावर घटकाभर खेळणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. परंतु खेळ ऐन रंगात आला असता पडदा थिजावा किंवा खेळ आपोआप नाहीसा व्हावा, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. अशा वेळी कोणी संगणकच बदलावयास सांगतो, तर कोणी त्यातील सर्व माहिती पुसून टाकण्याचा सल्ला देतो. पहिल्या उपायाने वडिलांच्या खिशाला चाट बसते. दुसऱ्याने वर्षभर जमविलेली टिपणे व छायाचित्रे जातात. एवढे करूनही दोष तसाच राहिला, तर ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ असे व्हावयाचे! म्हणून उपायापूर्वी निदान कसे करावे, हे पाहू या.

खेळ ही मुळात एक मोठी आज्ञावली होय. ती चकतीवर साठविलेली असते. खेळ सुरू करताच तिचा आवश्यक भाग ‘रॅम’ या तात्पुरत्या स्मृतीत येतो. प्रोसेसर हिशेब करतो आणि ग्राफिक्स कार्ड चित्रे रेखाटते. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ‘ड्रायव्हर’ म्हणतात. या साखळीतील कोणतीही कडी निसटली, तरी खेळ कोसळतो. तेव्हा प्रश्न एकच उरतो : कडी कोणती?

याचे उत्तर पुष्कळदा खेळ बंद पडण्याच्या रीतीतच दडलेले असते. त्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार : खेळ नेहमी एकाच ठिकाणी अडतो. येथे एखादी फाइल बिघडलेली असावी किंवा आज्ञावलीतच चूक असावी. १९८० साली जपानमध्ये निघालेल्या ‘पॅक-मॅन’ या खेळाचे उदाहरण बोधप्रद आहे. त्यात टप्प्याचा क्रमांक एका बाइटात ठेवला होता. एका बाइटात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. २५५ मध्ये १ मिळविला की पुन्हा शून्य येते. त्यामुळे २५६ व्या टप्प्यावर फळांची चित्रे काढण्याचा हिशेब चुकतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरतो आणि खेळ पुढे सरकत नाही. अशा दोषावर यंत्र पुसून किंवा बदलून काय उपयोग? खेळाच्या फाइली पडताळाव्यात आणि निर्मात्याने सुधारलेली आवृत्ती घ्यावी, हाच मार्ग होय.

दुसरा प्रकार : खेळ ठरावीक वेळ चालून मग बंद पडतो. येथे उष्णतेचा संशय घ्यावा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींची भुकटी असो वा रस्त्याची लाल माती असो, पंख्याच्या पात्यांवर ती साचली की वारा अडतो. प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिले, तर स्वसंरक्षणार्थ यंत्रच बंद होते. वीज तोडून, मऊ कुंचल्याने, पंख्याची पाती बोटाने धरून धूळ काढावी. सफाईनंतरही खेळ हळूहळू मंदावत जाऊन कोसळत असेल, तर काम संपल्यावर रॅममधील जागा परत न देणारी आज्ञावली हे कारण असू शकते.

तिसरा प्रकार : खेळ केव्हाही, कोठेही कोसळतो. येथे सदोष रॅम किंवा अस्थिर वीजपुरवठा असण्याचा संभव अधिक. रॅम तपासण्याचे साधन विंडोजमध्येच असते. बेळगाव परिसरात पावसाळ्यात वीज अचानक गेली आणि त्याच क्षणी खेळाची नोंद चकतीवर लिहिली जात असली, तर ती फाइल अर्धवट राहते व पुढे खेळ उघडतच नाही. म्हणून जपून ठेवलेल्या डावाची एक प्रत अन्यत्र ठेवावी.

आपल्या भागास विशेष लागू पडणारे आणखी एक कारण आहे. संगणकावर वापरकर्त्याचे नाव देवनागरीत लिहिले, की त्याच नावाचा फोल्डर तयार होतो. काही आज्ञावल्या केवळ रोमन अक्षरे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्यांना तो फोल्डर सापडत नाही आणि खेळ सुरू होताच बंद पडतो. शेजारच्या कन्नड लिपीचीही तीच गत होते. १९६३ च्या ‘आस्की’ या संकेतात अवघ्या १२८ चिन्हांपुरतीच जागा होती. १९९१ च्या ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना स्थान मिळाले. तेव्हा हा दोष आपल्या लिपीचा नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या अपुऱ्या विचाराचा आहे. रोमन नावाचे दुसरे खाते उघडून खेळ चालतो का, ते पाहावे.

आता तपासणीची पद्धत. एका वेळी एकच बदल करावा आणि खेळ पुन्हा चालवून पाहावा. ड्रायव्हर बदलला, धूळ काढली आणि फाइलीही दुरुस्त केल्या, तर गुण कशाने आला हे कसे कळणार? शिवाय एकदा खेळ नीट चालला म्हणजे दोष गेला, असे मानू नये; कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडू शकते. खेळाला सोळा जोडण्या लावल्या असतील, तर त्यांपैकी आठ बंद कराव्यात. खेळ तरीही कोसळला, तर दोष चालू असलेल्या आठांत आहे; न कोसळल्यास बंद केलेल्या आठांत. दोषी जोडणी एकच असेल, तर अशा रीतीने निम्मे-निम्मे करीत ती चार चाचण्यांत सापडते.

प्रत्येक चाचणीची तारीख, वेळ, केलेला बदल व परिणाम वहीत टिपून ठेवावा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला, तेव्हा तेथील मंडळींनी तो नोंदवहीतच चिकटवून ठेवला. यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याआधीची असली, तरी खराखुरा किडा सापडल्याची ती नोंद आजही जतन केलेली आहे.

सारांश, यंत्र रुसत नाही आणि त्याला दृष्टही लागत नाही. त्याच्या प्रत्येक वर्तनामागे कारण असते आणि ते निरीक्षणाने, तर्काने व प्रयोगाने शोधता येते. विज्ञानाच्या तासाला प्रयोगवहीत आपण निरीक्षण, अनुमान व निष्कर्ष लिहितो, ते केवळ गुणांसाठी नव्हे. बंद पडलेला खेळ हीदेखील एक प्रयोगशाळाच आहे. तिचा लाभ घ्यावा.