परवलीच्या शब्दाचे बळ

किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकरी परवलीचा शब्द विचारी, तेव्हा येणाऱ्याचा चेहरा व आवाजही तो पारखीत असे. परवलीचा शब्द मागणाऱ्या संगणकापुढे मात्र केवळ अक्षरे असतात. ती जुळली की दार उघडते. मग ती टंकणारा धनी असो वा चोर.

सुरक्षित रचनेत संगणक मूळ शब्द साठवून ठेवीत नाही. त्या शब्दावर एक गणिती क्रिया करून जे उत्तर येते तेवढेच तो जपतो, व त्या उत्तरावरून मूळ शब्द उलगडता येत नाही. अशा उत्तरांची यादी चोराच्या हाती लागली, की तो संभाव्य शब्द एकामागून एक घेऊन त्यांवर तीच क्रिया करीत जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात लोकांनी निवडलेल्या ३,२८९ शब्दांची पाहणी दिली आहे. त्यांपैकी २,८३१ शब्द एक तर आखूड व साधे, नाही तर कोशांत वा नावांच्या याद्यांत सापडणारे निघाले.

यावर उपाय म्हणून पुढे सक्ती आली : शब्दात मोठे अक्षर, लहान अक्षर, अंक व चिन्ह असलेच पाहिजे. हिशेब वरकरणी बिनतोड होता. २६ लहान रोमन अक्षरांतून आठ अक्षरांचे सुमारे २०,८८३ कोटी शब्द होतात. कळफलकावरील ९४ खुणा घेतल्या, तर ही संख्या सुमारे २९ हजार पटींनी वाढते. परंतु हा हिशेब खुणा चिठ्ठ्या टाकून निवडल्या तरच खरा. मनुष्य तसे करीत नाही. तो आपल्या गावाचे नाव घेतो, पहिले अक्षर मोठे करतो, शेवटी १ व उद्गारचिन्ह जोडतो. नियम पाळला जातो, आणि चोरासही ही खोड ठाऊक असते.

लांबीचा गुण निराळा. चिठ्ठ्या टाकून निवडलेली बारा लहान अक्षरे वरील ९४ खुणांच्या आठ अक्षरी शब्दांपेक्षा पंधरा पटींहून अधिक शक्यता देतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने २००४ साली मिश्र खुणांच्या नियमास अधिक गुण देणारा हिशेब मांडला होता. २०१७ साली तिनेच अशी सक्ती करू नये असे सुचविले, आणि २०२५ च्या सुधारणेत तिला स्पष्ट मनाई केली. जेथे केवळ परवलीच्या शब्दावरच प्रवेश मिळतो, तेथे तो किमान १५ खुणांचा असावा आणि फुटलेल्या शब्दांच्या यादीशी ताडून पाहावा, असे ती सांगते. परस्परांशी संबंध नसलेले चारपाच शब्द चिठ्ठ्या टाकून निवडले, तर ही लांबी सहज भरते व ते लक्षातही राहतात. म्हण किंवा गाण्याची ओळ मात्र येथे निरुपयोगी; ती चोराच्या यादीतही असू शकते.