भरती चंद्राची, ऋतू सूर्याचे

‘आनंदाला उधाण आलं’ असं आपण निबंधात सहज लिहून जातो. मूळ शब्द मात्र दर्यावर्दी माणसांचा. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ते उधाण म्हणतात, अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला भांग. हे दोन शब्द कळले की भरती-ओहोटीचं निम्मं शास्त्र कळतं, असं मला वाटतं.

चंद्राची ओढ पृथ्वीवर सगळीकडे सारखी नसते. त्याच्या बाजूच्या पाण्यावर ती जास्त, पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. म्हणून समुद्राला दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे आपला किनारा दिवसातून साधारण दोनदा भरती पाहतो. तेवढ्यात चंद्रही पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. मुंबई-कोकणातला जुना हिशेब हाच आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही.

सूर्यही पाणी ओढतो, पण भरतीवर त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, तेव्हा उधाण. अष्टमीला काटकोनात असतात, तेव्हा भांग.

मग ऋतूही चंद्रामुळेच होतात का? नाही. ते होतात पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंश कललेला असल्यामुळे. चंद्र तो कल फार डळमळू देत नाही, एवढी त्याची मदत. मंगळाला एवढा मोठा चंद्र नाही. त्याचा कल लाखो वर्षांत पुष्कळ बदलत आला आहे.

ऋतू आणि चंद्र दोघांना विचारून ठरते ती ईस्टरची तारीख: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे पवित्र आठवड्याच्या आसपास समुद्राला उधाण असतंच.

गोव्यातल्या खाजन शेतीला हे गणित पोटाचं आहे. बांधातल्या मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच दिवशी आलं, की बाहेरची पातळी चढलेली आणि आतलं पाणी अडलेलं. अशा वेळी बांध फुटला तर खारं पाणी थेट भातात शिरतं. भगदाड बुजवायचं तर भांगाच्या दिवसांत, पुढच्या उधाणाआधी. म्हणजे हातात जेमतेम आठवडा. तो चुकला तर पुढची मोठी भरती त्याच वाटेने आत येते.

म्हणून कॅलेंडर बघताना तारखेखालची तिथीही वाचत जा. शेतकऱ्याची मुदत तिथे लिहिलेली असते.