रेंज नसलेल्या पाड्यांसाठी नकाशा

अतिवृष्टीनंतर पिकांचे पंचनामे करावयास निघालेल्या गावपातळीवरील कार्यकर्त्यास नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात पहिली अडचण येते ती वाटेची. पाडे सातपुड्याच्या सोंडांवर विखुरलेले असतात. मोबाइलची रेंज गेली की नेहमीचा नकाशा कोरा पडतो. एखादा पाडा वगळला गेला, तर तेथील खातेदार मदतीच्या यादीत मागे राहतात. याकरिता आधीच उतरवून घेतलेला, इंटरनेटवाचून चालणारा नकाशा जवळ असणे अगत्याचे आहे.

रेंज नसता स्थान कसे कळते, अशी शंका पुष्कळजण घेतात. जीपीएसचे संकेत उपग्रहांकडून येतात, टॉवरकडून नव्हे. फोन ते केवळ ग्रहण करतो. इंटरनेट नसल्यास प्रथम स्थान मिळण्यास मात्र काही मिनिटे लागू शकतात. अशा वेळी दाट झाडीखाली न थांबता उघड्या आभाळाखाली उभे राहावे.

मुक्त स्रोत अ‍ॅप म्हणजे ज्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे असे अ‍ॅप. याचा लाभ केवळ फुकटेपणाचा नाही. मॅप्स.मी या अ‍ॅपच्या खुल्या संहितेतून ऑरगॅनिक मॅप्स निघाले व त्यातून २०२५ मध्ये कोमॅप्स. कर्ते वेगळे झाले तरी काम बुडाले नाही. ऑरगॅनिक मॅप्स हलके व जाहिरातरहित असून नवशिक्यास सोयीचे आहे. ओएसएमअँडमध्ये चाललेल्या वाटेची नोंद, नकाशावरील थर इत्यादी सोयी विपुल आहेत; परंतु ते शिकण्यास वेळ लागतो. शिवाय प्ले स्टोअरवरील त्याच्या विनामूल्य आवृत्तीत ७ नकाशे उतरविण्याची मर्यादा आहे. एफ-ड्रॉइडवरील आवृत्तीस ती नाही. ज्यास केवळ गाव गाठावयाचे आहे त्याने पहिले घ्यावे; शिवारफेरीची नोंद ठेवणाऱ्याने दुसरे शिकून घ्यावे.

या सर्वांचा आधार एकच, २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप. तो स्वयंसेवक रेखाटतात. जेथे कोणी रेखाटले नाही, तेथे कोणतेही अ‍ॅप पाडा दाखविणार नाही. म्हणून निवड करण्यापूर्वी परिचयाची चार ठिकाणे नकाशावर आहेत की नाहीत ते पाहावे. बैलगाडीची वाट मोटाररस्ता म्हणून दाखविली जाणेही संभवते, आणि पुराने फरशी पूल बुडाला आहे हे नकाशास ठाऊक नसते. तेथे गावकऱ्यांचा शब्दच प्रमाण मानावा.

आणखी एक गोष्ट. उघड्यावरही फोनच्या स्थानात सुमारे ५ मीटरचा फरक पडू शकतो. बांधाच्या तंट्यात हा नकाशा पुढे करू नये. ते काम भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचे आहे.

नकाशावर न सापडलेल्या पाड्यावर पोहोचताच तेथे खूण करून नाव लिहून ठेवावे. ती खूण जीपीएक्स फाइलीच्या रूपाने सहकाऱ्यास देता येते, आणि रेंजमध्ये परतल्यावर तो पाडा ओपनस्ट्रीटमॅपवरही चढविता येतो.