पीठ अजून तहानेल हाये! (वेणीचा पाव ते खापरावरचे मांडे)



मेहरूण म्हटलं की बाहेरच्यांना तलाव आणि बोरं आठवतात. आमच्या घरात मात्र यंदाचा उन्हाळा पावाचा होता. परीक्षा संपली आणि आठवीतल्या लेकीने जाहीर केलं, की या सुट्टीत वेणीचा पाव करणार. तोही तीन पेडांचा नाही, सहा पेडांचा. व्हिडिओत बारा मिनिटांत होत होता.

पहिला पाव विटेसारखा झाला. दुसरा फुगून बसला आणि आंबट लागला. तिसऱ्याला वरून रंग आला, आत कच्चा राहिला. त्या दिवशी ती रडली आणि "मला जमणारच नाही" म्हणून ओट्यावरून निघून गेली. वर्गात अपूर्णांक किंवा समीकरणं शिकवताना हेच वाक्य आपण किती वेळा ऐकतो! म्हणून या तीन पावांची चिकित्सा इथे लिहीत आहे. आईने नाही, शिक्षिकेने केलेली.

पहिला पाव : पाणी

कृतीत 500 ग्रॅम मैदा आणि 310 मिली पाणी होतं. लेकीने मैद्याऐवजी घरच्या चक्कीचं गव्हाचं पीठ घेतलं (सूचना माझीच, पौष्टिक म्हणून), पाणी मात्र तेवढंच. ती कणीक मळत असताना सासूबाईंनी बाजल्यावर बसल्या बसल्या एक बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "माय, पीठ अजून तहानेल हाये." आम्ही दोघींनी लक्ष दिलं नाही. कृतीत लिहिलंय ना 310!

सासूबाई शंभर टक्के बरोबर होत्या. गव्हाच्या पिठात कोंडा असतो, तो पाणी धरून ठेवतो. मैद्याला जे पाणी पुरतं ते पिठाला कमी पडतं. बेकरीवाले यासाठी एक सोपा हिशोब वापरतात : पीठ नेहमी 100 धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या शेकड्यात मांडायचं. 500 ग्रॅमला 310 म्हणजे पाणी 62 टक्के, मीठ 10 ग्रॅम म्हणजे 2 टक्के, कोरडं यीस्ट 5 ग्रॅम म्हणजे 1 टक्का. गव्हाच्या पिठाला पाणी 70 टक्क्यांच्या वर सहज लागतं. शेकडेवारीचं गणित शिकवायला यापेक्षा बरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. मुलांना विचारा, सगळ्या घटकांची बेरीज 100 पेक्षा जास्त का येते? पाच मिनिटं वर्ग गप्प होतो.

दुसरा पाव : घड्याळ

"दीड तास झाकून ठेवा," असं कृतीत होतं. ती कृती थंड देशातल्या स्वयंपाकघराची. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ओट्याजवळ पारा 38-40 च्या घरात. यीस्ट हा सजीव आहे, उबेत तो झपाट्याने साखर खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. व्हिडिओतली दीड तासाची वाढ आमच्याकडे पाऊण तासात झाली असणार. पुढचा पाऊण तास पीठ नुसतं दमत होतं. आतली जाळी ताणून ताणून फाटली, वायू निघून गेला, पाव खाली बसला आणि आंबूस झाला.

उपाय दोन. एक, पहाटे मळा किंवा मळलेलं पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत यीस्ट सावकाश काम करतो, चवही चांगली येते. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा : घड्याळ बघू नका, पीठ बघा. ओल्या बोटाने हलकं दाबायचं. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश अर्धा भरला तर पीठ तयार, तसाच राहिला तर उशीर झाला. मुलांना किण्वन शिकवताना यीस्टची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा त्यांचं बोट एकदा पिठात जाऊ द्या.

तिसऱ्या पावाचं फार नाही. ओव्हन पुरेसा तापला नव्हता, वरचा रंग बघून घाईने बाहेर काढला. वरचा रंग म्हणजे आत शिजल्याचा पुरावा नव्हे. पावाच्या गाभ्याचं तापमान 93-95 अंशांवर जायला हवं. तापमापक नसेल तर पाव उलटा करून बुडाशी टकटक करा, पोकळ आवाज आला पाहिजे.

हे सगळं सासूबाईंना कसं माहीत?

त्यांनी आयुष्यात पाव केलेला नाही. पण त्यांनी खापरावरचे मांडे केले आहेत आणि माझ्या मते ते सहा पेडांच्या वेणीपेक्षा कठीण आहेत. मांडे ही काही कालची गोष्ट नाही. 12व्या शतकातल्या 'मानसोल्लास' या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात मांड्यांचं वर्णन आहे. मुक्ताईला मांडे करायला खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी पाठ तापवून दिली, ही कथा तर आपल्या जिल्ह्यात मुक्ताईनगरकडे प्रत्येकाला माहीत असते.

मांड्याचं पीठ वस्त्रगाळ करून सैल भिजवतात, तेल लावत लावत तिंबतात आणि झाकून मुरू देतात. मुरण्यातच सारं आहे. पाणी मिळालं की गव्हातली दोन प्रथिनं एकत्र येऊन ग्लुटेनची लवचीक जाळी होते. तिंबल्याने ती बळकट होते, पण ताठही होते. विश्रांती दिली की सैलावते आणि मग न फाटता ताणता येते. म्हणूनच पुरण भरलेला गोळा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरता येतो. ज्वारीच्या पिठात ही जाळीच नाही, म्हणून भाकरी गरम पाण्यात मळून थापावी लागते. नानकटाईत जाळी नकोच असते, म्हणून पिठाला भरपूर तुपाचं मोहन. केळीच्या केकचंही तसंच : पीठ घातल्यावर फार फेटलं की केक चिवट होतो. हे एकदा कळलं की निम्म्या कृती आपोआप कळतात.

वर्गात करायचा प्रयोग : मैद्याचा लिंबाएवढा घट्ट गोळा अर्धा तास पाण्यात ठेवा, मग पाण्यातच हलक्या हाताने चोळत धुवा. पांढरं पिष्ट निघून जातं आणि हातात रबरासारखा गोळा उरतो, तेच ग्लुटेन. ज्वारीच्या पिठाचा गोळा शेजारी धुवा. हातात काही उरत नाही. मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

सासूबाई सांगतात, त्यांना पहिल्या आखाजीला खापराजवळ जाऊच दिलं नव्हतं. फक्त पीठ तिंबायचं. दुसऱ्या वर्षी पुरण वाटणं आणि गोळे भरणं. तिसऱ्या वर्षी खापर. तेव्हा त्यांना राग आला होता, आज मला त्यात उत्तम अभ्यासक्रम दिसतो. लेकीने मात्र पहिल्याच दिवशी नवं पीठ, यीस्ट, सहा पेड आणि अनोळखी ओव्हन असे चार पेपर एकदम दिले होते. पाव बिघडल्यावर कुठे चुकलं हे तिला कळणार तरी कसं? म्हणून चौथ्यांदा नियम केला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. आधी साधा गोल पाव, तो दोनदा सारखा आला की तीन पेड. सहा पेडांचा सराव तिने सुतळीवर केला.

लोट्याचं वजन

अडचण एकच होती. सासूबाईंना गुडघ्यांमुळे दोन वर्षं चुलीपुढे बसता आलेलं नाही. खापर माळ्यावर होतं. पाणी किती, विचारलं तर "लागेल तेवढं". असं ज्ञान माणसाबरोबर जातं, हे मी माझ्या आईच्या बाबतीत अनुभवलंय. तिच्या हातच्या बट्ट्या आमच्याकडे आता कुणालाच जमत नाहीत.

लेकीने न सांगता एक युक्ती केली. आखाजीच्या आदल्या दिवशी तिने पीठ 500 ग्रॅम मोजून आजीपुढे ठेवलं आणि पाण्याचा लोटा आधी वजन करून दिला. आजीने अंदाजाने पाणी घातलं. लोटा परत काट्यावर. 340 ग्रॅम कमी झालं होतं, म्हणजे 68 टक्के. दुसऱ्या घाण्याला 335. पन्नास वर्षांच्या अंदाजात पाच ग्रॅमचा फरक! सासूबाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. "मंग? मी का उगीच घालते?" एवढंच म्हणाल्या.

आखाजीला अंगणात चूल मांडली, कपाशीच्या काड्यांचा जाळ केला. काड्या भसकन पेटतात आणि लगेच विझतात, म्हणून जाळ एकसारखा ठेवायला एक माणूस लागतोच. ते काम माझ्याकडे आलं. सासूबाई खुर्चीवर, लेक चुलीपुढे. मातीचं खापर लोखंडी तव्यासारखं एका जागी चटकन तापत नाही, उष्णता सावकाश आणि पसरून देतं, म्हणून एवढा पातळ मांडा जळत नाही. पाण्याचा थेंब टाकला आणि तो चुर्र करून उडाला, तेव्हा आजी म्हणाली, "घाल आता."

पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा खापरावर पडताना दुमडला, पुरण बाहेर आलं आणि करपलं. या वेळी ती रडली नाही. उठून हात धुतले, वही उघडली आणि लिहिलं, "पीठ मुरायला 40 मिनिटं दिली. कमी." उरलेले गोळे झाकून ठेवले आणि आम्ही सगळे भुकेले तासभर रसाच्या पातेल्याकडे बघत बसलो. मग केलेला मांडा अखंड उतरला. एका कडेला जाड होता, गोल तर मुळीच नव्हता. सासूबाईंनी तोच स्वतःच्या ताटात मागून घेतला.

खापर अजून माळ्यावर गेलेलं नाही. ओट्याखाली, ओव्हनच्या शेजारी ठेवलंय. वहीत पुढचं पान बट्टीचं आहे, त्यावर सध्या फक्त "पीठ 500" एवढंच लिहिलेलं आहे. तुमच्या घरी चांगली बट्टी करणारं कुणी असेल, तर लोटा तेवढा मोजून कळवा.