झाकण हाताशी असू दे

चि. ओंकार,


पुण्यात खोली घेऊन तू स्वतः स्वयंपाक करायला लागलास, हे ऐकून बरं वाटलं. आता घरातला प्रत्येक जण फोनवर तुला "गॅसपाशी लक्ष ठेव" असं बजावत असेल. मला ही सूचना अपुरी वाटते. लक्ष भरवशाचं नसतं. दारावरची बेल वाजली, ऑफिसचा फोन आला की ते जातं, आणि ते जाणारच. म्हणून शेगडी पेटवण्याआधीची तयारीच अशी हवी, की लक्ष चुकलं तरी थोडक्यात निभावेल.

तेलाचंच बघ. तळणीला १७० ते १८० अंश सेल्सियस पुरतात. कढई मोठ्या आचेवर तशीच राहिली तर तेलातून आधी धूर येतो, आणि साडेतीनशेच्या पुढे कुठेतरी ते काडी न लावता पेटतं. अशा वेळी माणूस हमखास पाण्याकडे धावतो. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. चहाच्या एका चमच्याएवढ्या पाण्याची आठेक लिटर वाफ! ती पेटतं तेल चहूकडे उडवते. करायचं असतं ते एवढंच: हात पोचत असेल तर गॅस बंद करायचा, कढईवर पुरेसं मोठं ताट सरकवायचं आणि ती पार गार होईपर्यंत ते उचलायचं नाही. पण भांबावलेल्या माणसाला त्या वेळी ताट शोधायला सांगणं व्यर्थ. ते तेल तापवण्याआधीच ओट्यावर काढून ठेवलेलं पाहिजे. उपासाचा साबुदाणा वडा तेलात फुटतो तोही वाफेमुळेच. वरचा थर कडक होतो, आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि मग वाट फोडून बाहेर पडते. तिथेही समोर डोळे लावून बसण्यापेक्षा साबुदाणा नीट निथळणं आणि वडा चपटा थापणं जास्त उपयोगी पडतं.

गॅसची तऱ्हा वेगळी, कारण तो दिसत नाही. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो. वास आला की पुष्कळ जण आधी एक्झॉस्ट फॅन लावतात. फॅन वर, वायू खाली, आणि बटणातली ठिणगी मात्र फुकटची. बटणाला हातच लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद कर, दारं-खिडक्या सताड उघड, आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन लाव. हा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेव. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. भाड्याच्या घरात ती कुणी, कधी बसवली हे सहसा कुणालाच ठाऊक नसतं, तेव्हा तिच्यावर छापलेलं वर्ष वाच.

तू म्हणशील, आजीनं चुलीपुढे जन्म काढला, तिला कुठे हे सगळे नियम होते? होते की, फक्त त्यांना नियम म्हणत नसत. पदर खोचून बसणं, सांडशी हाताशी ठेवणं, तळण चालू असताना पोरांना जवळ फिरकू न देणं, ही सगळी आधीचीच तयारी होती. शिवाय ज्यांना भाजलं त्यांच्या हकिगती जुन्या काळाच्या कौतुकात येत नाहीत. "मी इंडक्शन घेतो" हेही उत्तर अर्धंच आहे. त्यानं ज्योत आणि गळती टळते, हे मान्य. पण तेल त्यावरही तितकंच तापतं, आणि कढईचा दांडा ओट्याबाहेर आला तर ती तिथूनही कलंडते.

एवढं करूनही कधी चटका बसेलच. भाजलेली जागा लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धर आणि पूर्ण वीस मिनिटं धरून ठेव. वीस मिनिटं फार वाटतात, पण कातडीच्या आत शिरलेली उष्णता दोन मिनिटांत निघत नाही. सूज चढण्याआधी अंगठी, घड्याळ काढ. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही लावू नकोस, आणि फोड आला तर तो फोडू नकोस. तळहाताहून मोठी जागा भाजली, किंवा चेहऱ्याला, हाताला, सांध्याला जास्त भाजलं, तर पाणी सोडून झाल्यावर स्वच्छ कापडानं झाकून सरळ डॉक्टरकडे जा.

नळीवरचं वर्ष काय निघालं ते कळव. जुनी असेल तर घरमालकाची वाट न बघता एजन्सीतून नवी बसवून घे, पैसे मी पाठवते.

तुझी,
मावशी